स्टेफी ग्राफ : गवत, माती आणि हार्ड कोर्टवरची बावीस विजेतेपदे

टेनिसमधील सर्वश्रेष्ठ महिला खेळाडू कोण, असा विषय निघाला की तीन आकडे हटकून पुढे येतात. एकेरीतील ग्रँड स्लॅम विजेतेपदे मोजली, तर मार्गारेट कोर्टची २४, सेरेना विल्यम्सची २३ आणि स्टेफी ग्राफची २२ भरतात. या हिशेबाने स्टेफीचा क्रमांक तिसरा लागतो आणि बहुतेकांच्या दृष्टीने विषय तिथेच संपतो. पण ही सगळी विजेतेपदे एकाच मापाने मोजण्यासारखी नाहीत. मार्गारेटच्या २४ पैकी १३ विजेतेपदे १९६८ पूर्वीची, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंना या स्पर्धांचे दार बंद होते त्या काळातली आहेत. शिवाय ११ विजेतेपदे एकट्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेतली आहेत आणि तिकडे लांबच्या प्रवासामुळे युरोप-अमेरिकेतील अनेक अव्वल खेळाडू त्या काळी फिरकतच नसत. सेरेनाच्या २३ मध्ये फ्रेंच स्पर्धेची विजेतेपदे तीनच आहेत. स्टेफीची वाटणी अशी आहे : ऑस्ट्रेलियन ४, फ्रेंच ६, विम्बल्डन ७ आणि अमेरिकन ५. चारही ग्रँड स्लॅम स्पर्धा प्रत्येकी किमान चार वेळा जिंकणारी ती आजवरची एकमेव खेळाडू आहे, आणि यात पुरुष खेळाडूही आले. २४ विजेतेपदे मिळवणाऱ्या नोव्हाक जोकोविचला फ्रेंच स्पर्धा तीनदाच जिंकता आली आहे, तर तीच स्पर्धा १४ वेळा जिंकणाऱ्या राफाएल नदालच्या नावावर ऑस्ट्रेलियन स्पर्धेची दोनच विजेतेपदे आहेत. हा समतोल इतका दुर्मीळ का आहे आणि स्टेफीला तो कसा साधला, हे समजले की तिची कारकीर्द बऱ्याच अंशी समजते.

त्यासाठी आधी कोर्टकडे पाहावे लागते. केवळ निकाल वाचणाऱ्याला चार ग्रँड स्लॅम म्हणजे चार शहरांत होणाऱ्या एकाच प्रकारच्या स्पर्धा वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात पॅरिसमध्ये खेळ होतो तो विटांच्या बारीक भुकटीने झाकलेल्या लाल कोर्टवर, विम्बल्डनला गवतावर, तर न्यू यॉर्क आणि मेलबर्नला हार्ड कोर्टवर, म्हणजे कठीण पायावर कृत्रिम थर चढवलेल्या मैदानावर. क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला चेपॉकची फिरकीला साथ देणारी खेळपट्टी आणि पर्थची उसळती खेळपट्टी यांतला फरक सांगावा लागत नाही. टेनिसमधला फरकही जवळपास तेवढाच मोठा आहे. लाल माती खरबरीत असल्याने चेंडू तिच्यावर घासला जातो, त्याचा पुढे जाण्याचा वेग मोडतो आणि तो उंच उसळतो. त्यामुळे समोरच्या खेळाडूला चेंडूपर्यंत पोहोचायला वेळ मिळतो, रॅली, म्हणजे एका गुणासाठी चालणारी फटक्यांची देवाणघेवाण, लांबतात, आणि एका फटक्यात गुण मिळवण्यापेक्षा चिकाटीने खेळण्याला महत्त्व येते. गवतावर याच्या नेमके उलट होते. चेंडू सरपटल्यासारखा निघतो, गुडघ्याच्या वर येतच नाही, आणि विचार करायला वेळ उरत नाही. हार्ड कोर्ट या दोहोंच्या मधले आहे; तिथली उसळी भरवशाची असते, मात्र पाय, गुडघे आणि पाठ यांची किंमत तेच सर्वांत जास्त वसूल करते.

स्टेफीच्या काळात फ्रेंच स्पर्धा संपल्यानंतर विम्बल्डन सुरू होईपर्यंत मध्ये केवळ दोन आठवडे असत. या दोन आठवड्यांत खेळाडूला पावले टाकण्याची पद्धत, चेंडू मारण्याची उंची आणि गुण मिळवण्याची योजना असे सगळेच बदलावे लागे. म्हणून बहुतेक मोठ्या खेळाडूंचे एखादे माहेरघर असते. ख्रिस एव्हर्टचे ते मातीवर होते, मार्टिना नवरातिलोव्हाचे गवतावर. स्टेफीचे कोणते, हे तिच्या विजेतेपदांकडे पाहून ठरवता येत नाही.

याचे उत्तर तिच्या खेळाच्या रचनेत आहे, आणि ती रचना पहिल्या नजरेत काहीशी लंगडी वाटावी अशी होती. तिचा फोरहँड, म्हणजे उजव्या बाजूने मारायचा फटका, हा महिला टेनिसमधला त्या काळचा सर्वांत जबरदस्त फटका होता. चेंडू अगदी अंगाजवळ येईपर्यंत ती थांबे आणि मग विजेच्या झटक्यासारखा हात फिरवून तो जवळजवळ सपाट मारत असे; फटका मारताना अनेकदा तिचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले असत. बॅकहँड, म्हणजे डाव्या बाजूचा फटका, मात्र ती एका हाताने, बहुतेक वेळा फक्त स्लाइस करून मारत असे. स्लाइस म्हणजे रॅकेट वरून खाली नेत चेंडूला उलटी फिरकी देणे. असा चेंडू हवेत तरंगत, सावकाश जातो आणि टप्पा पडल्यावर खाली राहतो. त्यात आक्रमण कमी असते. टॉपस्पिनचा, म्हणजे पुढे फिरत जाऊन झपकन खाली येणारा आणि उसळणारा बॅकहँड तिला येत नव्हता असे नाही. पण तो ती क्वचितच बाहेर काढी. त्यामुळे तिची एक बाजू घातक आणि दुसरी बचावात्मक होती. अशा खेळाडूविरुद्ध शहाण्या प्रतिस्पर्ध्याने काय करावे, तर चेंडू सतत तिच्या बॅकहँडवर द्यावा. प्रत्येक जण तसेच करत होता, आणि तरीही हरत होता.

का, ते जरा जवळून पाहू. समजा, प्रतिस्पर्धी खेळाडूने चेंडू स्टेफीच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे बॅकहँडकडे मारला. स्टेफी तो स्लाइस करून कोर्टच्या पार टोकापर्यंत परतवते. चेंडू सावकाश जात असल्यामुळे तिला जागेवर परतायला पुरेसा अवधी मिळतो. समोरच्या खेळाडूला मात्र तो चेंडू गुडघ्याखालून उचलावा लागतो, आणि दोन्ही हातांनी बॅकहँड मारणाऱ्या खेळाडूला इतके खाली वाकणे विशेष जड जाते. खालून उचललेला चेंडू नेटवरून न्यायचा म्हणजे तो वर मारावा लागतो, आणि वर मारलेल्या चेंडूत जोर राहत नाही. असा मऊ चेंडू आला, की स्टेफी झरझर पावले टाकत बॅकहँडच्या बाजूला सरकते आणि तोच चेंडू फोरहँडने मारते. यात तिची उजवी बाजू उघडी पडते, हे खरे. पण तिकडे चेंडू मारणे म्हणजे तिच्या आवडत्या फटक्यालाच आमंत्रण देणे होते, कारण पूर्ण वेगाने धावत जाऊन मारलेला तिचा फोरहँड उभ्याने मारलेल्या फोरहँडपेक्षाही भेदक असे. ही सगळी योजना पायांवर उभी होती. तिच्या फोरहँडचे कौतुक खूप झाले. माझ्या मते तिच्या कारकिर्दीचा खरा पाया तिच्या पावलांत होता, कारण ती पावले नसती तर बॅकहँड हा उघड दोष ठरला असता.

आणि हीच योजना तिन्ही प्रकारच्या कोर्टवर चालत होती, वेगवेगळ्या कारणांनी. गवतावर स्लाइस आणखी खाली राही आणि फोरहँड आणखी वेगाने निघे. मातीवर स्लाइसमुळे तिला सावरायला जास्त वेळ मिळे, आणि लांबलेल्या रॅलीत बॅकहँड चुकवून फोरहँडवर येण्याची संधी कधी ना कधी सापडेच. हार्ड कोर्टवर उसळी सरळ असल्यामुळे पावलांचा हिशेब अचूक लागत असे. एका कोर्टसाठी एक आणि दुसऱ्यासाठी दुसरा, असे दोन खेळ तिला सांभाळावे लागले नाहीत.

हा खेळ घडला तो पश्चिम जर्मनीतील ब्र्यूल या छोट्या गावात. स्टेफीचा जन्म १४ जून १९६९ रोजी जवळच्या मानहाइममध्ये झाला. वडील पीटर ग्राफ मोटारी आणि विमा विकण्याच्या व्यवसायात होते आणि स्वतः टेनिस खेळत. मुलगी तीन-चार वर्षांची असताना त्यांनी दांडा कापून लहान केलेली रॅकेट तिच्या हातात दिली आणि घराच्या दिवाणखान्यात तिचा सराव सुरू झाला. १९८२ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, ती व्यावसायिक खेळाडू झाली. फिल्डरश्टाट येथे पहिल्याच मोठ्या सामन्यात ट्रेसी ऑस्टिनने तिला सरळ सेटमध्ये हरवले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये टेनिस प्रात्यक्षिकापुरते ठेवले होते. ती स्पर्धा पंधरा वर्षांच्या स्टेफीने जिंकली. व्यावसायिक स्पर्धेतील पहिले विजेतेपद मिळायला मात्र एप्रिल १९८६ उजाडला. हिल्टन हेडच्या अंतिम सामन्यात तिने ख्रिस एव्हर्टला हरवले, आणि तेही एव्हर्टच्या हक्काच्या मातीवर. त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत नवरातिलोव्हाविरुद्ध तिला तीन मॅच पॉइंट, म्हणजे एका गुणाने सामना संपवण्याच्या तीन संधी, मिळाले होते. तरी तिसऱ्या सेटच्या टायब्रेकरमध्ये, म्हणजे ६-६ अशा बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये, ती हरली.

१९८७ च्या फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने त्याच नवरातिलोव्हाला ६-४, ४-६, ८-६ असे हरवून पहिले ग्रँड स्लॅम विजेतेपद मिळवले आणि ऑगस्टमध्ये जागतिक क्रमवारीत अव्वल स्थान पटकावले. त्या वर्षी ती ७५ सामने जिंकली आणि अवघे दोन हरली. हे दोन्ही पराभव नवरातिलोव्हाकडूनच, विम्बल्डन आणि अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत झाले. या दोघींमध्ये एकूण १८ सामने झाले आणि ते ९-९ असे बरोबरीत राहिले.

मग १९८८ आले. या वर्षाबद्दल पुष्कळ लिहिले गेले असले तरी त्यातली एक गोष्ट अनेकदा निसटते. एकाच वर्षात चारही ग्रँड स्लॅम जिंकणे हा पराक्रम त्यापूर्वी चौघांनी केला होता : डॉन बज (१९३८), मॉरीन कॉनोली (१९५३), रॉड लेव्हर (१९६२ आणि १९६९) आणि मार्गारेट कोर्ट (१९७०). पण त्या सगळ्या वर्षांत ऑस्ट्रेलियन, विम्बल्डन आणि अमेरिकन या तिन्ही स्पर्धा गवतावरच होत असत, म्हणजे प्रश्न गवत आणि माती एवढाच होता. अमेरिकन स्पर्धेने १९७५ मध्ये गवत सोडले आणि १९७८ पासून ती हार्ड कोर्टवर खेळली जाऊ लागली; ऑस्ट्रेलियन स्पर्धा तर १९८८ मध्येच कूयाँगच्या गवतावरून मेलबर्नच्या फ्लिंडर्स पार्कमधील नव्या हार्ड कोर्टवर आली. म्हणजे स्टेफीने चारही स्पर्धा जिंकल्या ते वर्ष या स्पर्धांच्या आजच्या रचनेचे पहिलेच वर्ष होते. एका वर्षात तीन प्रकारच्या कोर्टवर चारही ग्रँड स्लॅम एकेरीत जिंकणे तेव्हापासून आजपर्यंत, तिच्याशिवाय, स्त्री-पुरुष कोणालाही साधलेले नाही.

मेलबर्नला तिने अंतिम सामन्यात एव्हर्टला ६-१, ७-६ असे हरवले. पॅरिसला सोव्हिएत संघाच्या सतरा वर्षांच्या नताशा झ्वेरेव्हाविरुद्धचा अंतिम सामना ६-० , ६-० असा सुमारे अर्ध्या तासात आटोपला. ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत असा निकाल पुन्हा दिसायला २०२५ चे विम्बल्डन यावे लागले. (झ्वेरेव्हाच्या बाजूने एवढे सांगायला हवे, की दहा वर्षांनी विम्बल्डनच्या तिसऱ्या फेरीत तिने स्टेफीला सरळ सेटमध्ये हरवून ते उसने फेडले.)

त्या वर्षीचा सर्वांत महत्त्वाचा सामना विम्बल्डनचा होता. नवरातिलोव्हा तिथे सलग सहा वर्षे विजेती होती आणि नववे विजेतेपद मिळवून नवा विक्रम करण्याच्या तयारीत होती. पहिला सेट तिने ७-५ असा घेतला आणि दुसऱ्या सेटमध्ये २-० अशी आघाडी मिळवली. डावखुरी असल्यामुळे तिची बाहेर वळणारी सर्व्हिस स्टेफीच्या बॅकहँडवर जाई, आणि त्यामागोमाग ती स्वतः नेटजवळ येऊन स्टेफीचा स्लाइस हवेतच अडवून टाकी. पण या क्षणानंतर स्टेफीचे परतीचे फटके नेटजवळ येणाऱ्या नवरातिलोव्हाच्या पायांशी पडू लागले आणि पुढच्या १३ पैकी १२ गेम स्टेफीने जिंकले. निकाल ५-७, ६-२, ६-१ असा लागला. सप्टेंबरमध्ये न्यू यॉर्कला तिने गॅब्रिएला साबातिनीला ६-३, ३-६, ६-१ असे हरवले, आणि १ ऑक्टोबर रोजी सोल ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पुन्हा साबातिनीलाच ६-३, ६-३ असे नमवून सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिकमध्ये पदकांसाठीचे टेनिस १९२४ नंतर पहिल्यांदाच परतले होते. चार ग्रँड स्लॅम आणि ऑलिंपिक सुवर्ण एकाच वर्षात, याला ‘गोल्डन स्लॅम’ असे नाव पडले. ही संधी मुळातच चार वर्षांतून एकदा येते आणि तिच्या आधीच्या चार मानकऱ्यांच्या त्या-त्या वर्षी तर ती नव्हतीच, हे लक्षात घेऊनच या विक्रमाची तुलना करायला हवी.

१९८९ मध्येही ती ८६ सामने जिंकली आणि दोनच हरली. त्यातला एक पराभव फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात अरांता सांचेझ व्हिकारिओकडून झाला. १९८७ च्या फ्रेंच स्पर्धेपासून १९९० च्या फ्रेंच स्पर्धेपर्यंत ती सलग १३ ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि त्यांपैकी नऊ जिंकली. या काळात तिच्या वर्चस्वाचा कंटाळा येऊ लागल्याची तक्रारही ऐकू येई. ती तक्रार फार दिवस टिकली नाही.

मोनिका सेलेस ही तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील डावखुरी मुलगी फोरहँड आणि बॅकहँड दोन्ही दोन हातांनी मारत असे, आणि चेंडू टप्पा पडून वर येत असतानाच, बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, आत पाऊल टाकून मारत असे. वर सांगितलेल्या योजनेचा ती नेमका तोड होती. स्लाइसचा सगळा फायदा वेळ मिळण्यात होता, आणि सेलेस चेंडू इतक्या लवकर परतवत असे, की स्टेफीला बॅकहँड चुकवून फोरहँडच्या जागी येण्याइतका वेळच उरत नसे. शिवाय डावखुऱ्या खेळाडूचा तिरका फोरहँड थेट स्टेफीच्या बॅकहँडवरच येतो. मे १९९० मध्ये बर्लिनच्या अंतिम सामन्यात सेलेसने स्टेफीची सलग ६६ विजयांची मालिका खंडित केली आणि त्याच महिन्याच्या शेवटी सुरू झालेल्या फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यातही तिला हरवले. मार्च १९९१ मध्ये स्टेफीचे अव्वल स्थान सलग १८६ आठवड्यांनंतर सेलेसकडे गेले. १९९० च्या फ्रेंच स्पर्धेपासून १९९३ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेपर्यंत सेलेसने आठ ग्रँड स्लॅम जिंकल्या. त्याच काळात स्टेफीच्या वाट्याला दोनच आल्या, १९९१ आणि १९९२ च्या विम्बल्डनच्या. १९९२ च्या अंतिम सामन्यात तर तिने सेलेसला ६-२, ६-१ असे सहज हरवले. कारण तेच : गवतावर स्लाइस इतका खाली राही, की दोन हातांनी खेळणाऱ्या सेलेसला चेंडू लवकर पकडण्याची युक्ती वापरताच येईना.

३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बुर्गमधील स्पर्धेत, गेमच्या मधल्या विश्रांतीत खुर्चीवर बसलेल्या सेलेसच्या पाठीत एका माणसाने चाकू खुपसला. स्टेफी पुन्हा अव्वल व्हावी एवढाच त्याचा हेतू होता. न्यायालयाने त्याला दिलेली दोन वर्षांची शिक्षा स्थगित ठेवली, आणि सेलेसने पुन्हा कधीही जर्मनीत न खेळण्याचा निर्णय घेतला. ती दोन वर्षांहून अधिक काळ खेळापासून दूर राहिली. टेनिसची क्रमवारी मागील ५२ आठवड्यांतील कामगिरीवर ठरते, त्यामुळे न खेळणाऱ्या खेळाडूचे गुण आपोआप झडत जातात. सेलेसचे स्थान गोठवावे का, यावर आघाडीच्या खेळाडूंचे मत रोममध्ये घेतले गेले. साबातिनी तटस्थ राहिली आणि बाकीच्यांनी विरोध केला. स्टेफी त्या स्पर्धेत नव्हती. हल्ल्यानंतर तिने सेलेसची रुग्णालयात जाऊन भेट घेतली होती.

स्टेफीच्या कारकिर्दीबद्दल प्रामाणिकपणे लिहायचे, तर इथे हिशेब मांडावाच लागतो. तिची ११ विजेतेपदे हॅम्बुर्गच्या आधीची आहेत. सेलेस ज्या दहा ग्रँड स्लॅमना मुकली, त्यांपैकी सहा स्टेफीने जिंकल्या. उरलेली पाच विजेतेपदे सेलेस परतल्यानंतरची आहेत आणि त्यांपैकी १९९५ आणि १९९६ च्या अमेरिकन स्पर्धांचे अंतिम सामने तिने सेलेसविरुद्धच जिंकले. मधल्या सहांपैकी दोन विम्बल्डनची आहेत आणि सेलेसला विम्बल्डन कधीच जिंकता आले नाही, तेव्हा खरी शंका राहते ती चार विजेतेपदांबद्दल. त्यांपैकी सगळी सेलेसने जिंकली असती असे मानणे जितके चुकीचे, तितकेच तिच्या अनुपस्थितीने काही फरक पडला नाही असे म्हणणेही चुकीचे आहे. वर ज्या समतोलाचे मी कौतुक केले, त्यातले ऑस्ट्रेलियन स्पर्धेचे चौथे विजेतेपद १९९४ चे, म्हणजे नेमके याच काळातले आहे, आणि त्याआधी सलग तीन वर्षे ती स्पर्धा सेलेसने जिंकली होती. ‘प्रत्येकी किमान चार’ हा विक्रम सांगताना हेही सांगावे लागते. दुसऱ्या बाजूला, १९९५ आणि १९९६ मध्ये दुखापतींमुळे स्टेफी मेलबर्नला गेलीच नव्हती. कोणाचे काय हुकले, याची बेरीज-वजाबाकी टेनिसमध्ये कधी पूर्ण होत नाही. पण हॅम्बुर्गची घटना दुखापतींच्या रांगेत बसवता येत नाही, कारण ती खेळाच्या निकालावर बाहेरून केलेली जबरदस्ती होती. दोघींमधले १५ सामने १०-५ असे स्टेफीच्या बाजूने आहेत, आणि तो आकडाही याच सावधपणे वापरलेला बरा.

१९९५ आणि १९९६ ही दोन वर्षे मला १९८८ पेक्षाही मोठी वाटतात. पाठ, पाऊल आणि गुडघा यांच्या तक्रारी सतत चालू होत्या. ऑगस्ट १९९५ मध्ये तिच्या कमाईवरील कर चुकवल्याच्या प्रकरणात वडिलांना अटक झाली आणि पुढे त्यांना तुरुंगवास भोगावा लागला. स्टेफीवर खटला चालला नाही, पण चौकशीचे सावट दीर्घकाळ राहिले. या दोन वर्षांत ती सहा ग्रँड स्लॅम खेळली आणि सहाही जिंकली.

त्यांतल्या १९९५ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यातील एक गेम पाहण्यासारखा आहे. सांचेझ व्हिकारिओविरुद्ध तिसरा सेट ५-५ असा बरोबरीत होता आणि सर्व्हिस सांचेझची होती. गेम जिंकायला एरवी चार गुण पुरतात; मात्र दोघींचे तीन-तीन गुण झाले की ड्यूस होतो आणि मग सलग दोन गुण मिळवावे लागतात. या गेममध्ये ड्यूस १३ वेळा झाला. ३२ गुण खेळले गेले आणि त्याला सुमारे २० मिनिटे लागली, म्हणजे १९८८ च्या पॅरिसमधील अख्ख्या अंतिम सामन्याच्या निम्म्याहून अधिक वेळ. सांचेझ एका बाजूने चेंडू परतवत राहिली, लॉब, म्हणजे डोक्यावरून जाणारे उंच फटके, टाकत राहिली, आणि स्टेफी स्लाइसने तिला पुढे ओढून फोरहँडची वाट पाहत राहिली. अखेर स्टेफीने सर्व्हिस भेदली, म्हणजे सांचेझच्या सर्व्हिसचा तो गेम जिंकला, आणि पुढचा गेम झटपट जिंकून सामना ४-६, ६-१, ७-५ असा संपवला.

कोर्टवर ती अबोल आणि घाईत असे. दोन गुणांच्या मध्येही ती थांबत नसे. म्हणून १९९६ च्या विम्बल्डन उपांत्य सामन्यातला एक प्रसंग लोकांच्या लक्षात राहिला. किमिको दातेविरुद्ध ती सर्व्हिस करायला उभी असताना प्रेक्षकांतून एकाने ओरडून तिला लग्नाची मागणी घातली. स्टेफीने उलट विचारले, की तुझ्याकडे पैसे किती आहेत? सगळे सेंटर कोर्ट हसत सुटले आणि ती पुढची सर्व्हिस करायला वळली.

जून १९९७ मध्ये गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतरचे वर्षभर ती जवळजवळ खेळलीच नाही. १९९९ च्या फ्रेंच स्पर्धेत तिच्याकडून फारशा अपेक्षा नव्हत्या. तिला सहावे मानांकन होते. तिथे तिने लिंडसे डेव्हनपोर्ट, मग सेलेस आणि अंतिम सामन्यात मार्टिना हिंगिस अशा क्रमवारीतील पहिल्या तिघींना हरवले. हिंगिस तेव्हा १८ वर्षांची होती आणि जगात अव्वल होती. ती ६-४, २-० अशी पुढे असताना तिचा एक फटका बाहेर गेल्याचा निर्णय झाला. मातीवर चेंडूची खूण उमटते आणि पंच ती खाली उतरून तपासू शकतात. पण नेट ओलांडून प्रतिस्पर्ध्याच्या बाजूला जायला खेळाडूला परवानगी नसते. हिंगिस तरीही पलीकडे जाऊन खूण दाखवू लागली आणि तिला एका गुणाचा दंड झाला. प्रेक्षक तिच्याविरुद्ध गेले ते गेलेच. दुसऱ्या सेटमध्ये ५-४ अशा आघाडीवर विजयासाठी सर्व्हिस करतानाही ती सामना संपवू शकली नाही, आणि स्टेफीने तो ४-६, ७-५, ६-२ असा जिंकला. शेवटी शेवटी हिंगिसने खालून हाताने सर्व्हिस केली, ती चतुराई होती की हतबलता, यावर अजूनही एकमत नाही. माझ्या मते दोन्हीही होते.

हे तिचे बाविसावे आणि शेवटचे ग्रँड स्लॅम विजेतेपद ठरले. महिन्याभराने विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात डेव्हनपोर्टने तिला ६-४, ७-५ असे हरवले. उंचपुरी डेव्हनपोर्ट स्लाइसवर खाली वाकून, जोर न सोडता, सपाट फटके मारू शकत होती. महिला टेनिस त्याच दिशेने निघाले होते : उंची, ताकद, पहिल्या फटक्यापासून आक्रमण. त्या स्पर्धेत स्टेफी जॉन मॅकेन्रोबरोबर मिश्र दुहेरीतही खेळत होती. अंतिम सामन्यासाठी पाय राखायचे म्हणून तिने मिश्र दुहेरीच्या उपांत्य फेरीतून माघार घेतली, आणि मॅकेन्रोने आपली नाराजी लपवली नाही.

१३ ऑगस्ट १९९९ रोजी हायडलबर्ग येथे तिने निवृत्ती जाहीर केली. तेव्हा ती ३० वर्षांची होती आणि क्रमवारीत तिसऱ्या स्थानावर होती. एकेरीत ९०० विजय, ११५ पराभव, १०७ विजेतेपदे आणि अव्वल स्थानावरील ३७७ आठवडे अशी तिची एकूण नोंद आहे. शेवटचा आकडा जोकोविचने २०२३ मध्ये ओलांडला; महिलांमध्ये तो अजून कोणी गाठलेला नाही.